थोरले लागोसला असतात

“थोरलीले आताच काही समजू देऊ नोको रे. आंबिया बहार उतरू दे, संत्रा गाडीत भरू दे, मंग सांगू.”

हे तानुबाई आपल्या धाकट्या लेकाला, नवरदेव जीवनला, सांगत होत्या आणि ते गीतांजलीने ऐकायचं नव्हतं. लग्नाचा तिसरा दिवस. वरूडच्या त्या घरात ती धान्याच्या कोठीमागे बसून जोडव्यात अडकलेला साडीचा धागा सोडवत होती. अकोल्याची ही नवी सून फारशी बोलत नाही, हे घराने दोन दिवसांत हेरलं होतं. आणि जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसावं, असं माणसं धरूनच चालतात.

थोरली म्हणजे तिची जाऊ, हर्षा. आठ एकर संत्र्याची बाग तीच बघायची. पाणी, फवारणी, मजूर, व्यापारी, सगळं तिच्या गळ्यात. तिचा नवरा चंदन लागोसला, आफ्रिकेतल्या त्या अफाट बाजारशहरात, प्लास्टिकच्या एका कारखान्यात होता. जीवनही तिथेच. सख्ख्या भावाच्या लग्नाला चंदनला रजा मिळाली नाही म्हणे. गीतांजलीने मनाशी ताडलं, भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, तिकडे दुसरी बायको केली असणार.

तसं असतं तर किती बरं झालं असतं.

जेठ लागला त्या आठवड्यात ती लागोसला पोचली. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा अकोल्याचा टिळक रोड घ्यावा आणि तो कुठे संपूच देऊ नये, असं ते शहर. पिवळ्या गाड्यांच्या दारात लोंबकळून ओरडणारे कंडक्टर, डोक्यावर अख्खं दुकान घेऊन चालणाऱ्या बायका, डिझेलचा धूर, सुक्या मासळीचा वास, आणि हवा अशी दमट की धुतलेला रुमाल दोन दिवस वाळू नये. वीज दिवसातून पाच वेळा जायची. गेली की गल्लीतले सगळे जनरेटर एकदम घरघरायचे, आली की एकामागून एक बंद पडायचे. मग अर्धा मिनिट शांतता. त्या शहरात शांतता तेवढीच.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. आत तीन खोल्या, त्यातल्या एकीला कुलूप.

“दादाची आहे,” जीवन म्हणाला. “कंपनीनं त्याले कानो शहराले धाडलं, उत्तरेत. येईन महिन्याभरात.”

चौथ्या दिवशी दुपारी बाराला जनरेटर थांबले, आणि त्या अर्ध्या मिनिटात कुलपाआड कुणीतरी बोलताना तिने ऐकलं. हळू, दमलेला आवाज. मध्येच खोकला. “...झाडायले पानी सोडलं का...?” मग थांबून, जणू पलीकडचं उत्तर ऐकून घेत, “हं... हं...”

“शेजाऱ्याचा टीव्ही असन,” जीवन ताटावरून मान वर न करता म्हणाला.

लागोसच्या टीव्हीवर वऱ्हाडी लागते, हे तिला नवं होतं. पुढे रोज बाराला तो टीव्ही लागत राहिला. ती तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवायची.

वटपौर्णिमेला शनिवार होता. हर्षाने फोनवर तिकडच्या लेसचं कापड मागितलं होतं, म्हणून जीवन तिला सकाळीच बालोगुनच्या बाजारात घेऊन गेला. रस्ता म्हणून काही दिसतच नव्हता. छत्र्या, कापडाचे ठाण आणि माणसं. एका गाळ्यात डोक्याला निळं कापड बांधलेली, नाकावर चष्मा घेतलेली जाडजूड बाई बसली होती. जीवनला बघताच ती इंग्रजीत म्हणाली, “का रे? भावाने नेलेलं बदलायला आलास?”

जीवन हसला. “कोणता भाऊ?”

“मोठा. परवा आला होता की. हिरवं नेलं. मी म्हटलं पाच वार घे, तर म्हणतो, आमच्या बायका सहा वार नेसतात.” बाईने घडी झटकली. “आत येईना. उन्हातच उभा. हाताला हात लागला, तर तापाने नुसता भाजत होता. दवाखान्यात ने त्याला.”

“त्यायले आपन सारे सारखेच दिसतो,” जीवन गीतांजलीला म्हणाला. पण कापड त्याच्या हातून खाली पडलं, आणि ते उचलायला तो वाकला नाही.

परतताना टॅक्सी खाडीवरच्या लांब पुलावर अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या, खाली शिशासारखं पाणी. गीतांजलीने एवढंच विचारलं, “भासरे कानोले आहेत नं?”

जीवनने खिडकीची काच वर केली.

“दादा गेला. दिवाळीच्या पंधरा दिवस आंधी. ताप डोक्यात चढला. इथंच अग्नी दिला.”

“अन् ताई...?”

“आपलं लगन ठरलं होतं नं! घरात मयत झाल्यावर वर्षभर लागलं असतं का? अन् वहिनीले समजलं असतं तं हिस्सा मागून मूर्तिजापूरले माहेरी गेली असती. बाग कोन पाहीन? बाबाचे तं गुडघे गेले.”

“मंग तिच्याशी रोज कोन...”

“दादाच्या फोनवरून मीच मेसेज टाकतो. जेवली का, बरी आहेस का. तेवढंच. कारखान्यात बोलू देत नाही म्हणून सांगितलं.” तो जरा चिडलाच. “तिच्याच भल्यासाठी आहे. खुश आहे ते.”

“तेरवी?”

“केली असती तं बोंब नसती झाली?”

 लग्नात गीतांजलीला पहिली हळद हर्षानेच लावली होती, गाणं म्हणत. आणि आज ती वडाला सूत गुंडाळत फिरली असेल. गेलेल्या माणसाला, ज्याला कुणी पाण्याचा थेंबसुद्धा दिला नाही, त्याला सात जन्मांसाठी बांधून घेत. बाजूला ताट धरून तानुबाई उभ्या राहिल्या असतील. चुकलेला फेराही त्यांनी मोजून सांगितला असेल.

फ्लॅटवर पोचले तेव्हा बारा वाजले होते. वीज नुकतीच आली होती, जनरेटर थांबले. तिने कान दिला. आज काहीच नाही. बंद खोलीचं कुलूप कडीला उघडं लटकत होतं. आत खाट, खाटेवर चादर. जीवन दारातच थिजला. तिने हात लावून पाहिला. चादर घामाने ओली होती.

तेवढ्यात वरूडहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेचार वाजले होते. खुर्चीत सासरे किसनराव, बाजूला तानुबाई, आणि पुढे हर्षा. शालू, नथ, हातभर बांगड्या.

“अवो गीता, रंग उतरला व तुया!” हर्षा हसली.

“उतरीन नाही तं काय,” तानुबाई म्हणाल्या. “तोंड उघडत नाही, हवा जाईन कशी पोटात?”

“ह्यायचा आज फोन नाही आला,” हर्षा म्हणाली. “रोज येते साडेचारले, मी बागेत असतो तवा.”

“फोन?” जीवनचा आवाज चिरकला.

“हो, जेठ लागल्यापासून. अकरा वर्षं झाले लग्नाले, पण एवढं गोड कधी बोलला नाही माणूस. निसता खोकला तेवढा वाढला.”

तानुबाईंनी धाकट्या लेकाकडे कौतुकाने पाहिलं. शाबास, असंच करत जाय, असं त्या नजरेत होतं. जीवनने हळूच मान हलवली... नाही. मी नाही. तानुबाईंचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं.

“काल म्हणे, उद्या फोन नाही करत. वडाची पूजा झाली की येतोच, तयार राहाजो. तुले घिऊन जातो.” हर्षा लाजली. “मी बॅग भरली. आईले सांगितलं नव्हतं, म्हटलं अचानकच...”

दाराची कडी वाजली. फोनमधून स्पष्ट ऐकू आली. तीनदा.

“कोन हाय?” किसनराव ओरडले.  बाहेर कुणीतरी खोकलं... आणि दमलेल्या आवाजात म्हणालं, “हर्षा...”

किसनराव खुर्चीत आक्रसले. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तानुबाईंनी हर्षाचा पदर मुठीत धरला. “बस व... बस... नोको जाऊ...”

“सोडा नं आई! दारात उभे आहेत ते!” कुंकू सारखं करत हर्षा उठलीच.

गीतांजलीने जीवनच्या हातातून फोन काढून घेतला. त्या घराने तिचा चढलेला आवाज तोवर ऐकला नव्हता.

“ताई, तुमी बसा! भासरे दिवाळीआंधीच वारले, ह्या तिघायलेही माहीत आहे. आई... दार तुमी उघडा. लेक तुमचा आहे.”