गोलमागचे दोन ठोके

तुम्ही खोटं लिहिलंत.

आइस रिंकचे मॅनेजर तुम्ही, तिथल्याच ऑफिसात बसून, थंड डोक्याने. तुमचं नाव घेत नाही. पण वाचताय ना? मग शेवटपर्यंत वाचा. यातलं एक अक्षरही माझ्या मनचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या, योगिनीच्या बाबतीत हे घडलंय. इथे, सिंगापुरात.

दोन वर्षांपूर्वी सरावात विनीताच्या छातीवर पक बसला. पक म्हणजे ती रबराची जड चकती. विनीता कॉलेजच्या आइस हॉकी टीमची गोलकीपर. जागच्या जागी कोसळली. भिंतीवर पेटी होती, आत हृदयाला शॉक देणारं मशीन. पेटीला कुलूप. किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये, आणि तुम्ही जेवायला गेलेले.

विनीता गेली.

तुम्ही अहवालात लिहिलंत, पेटीला कधीच कुलूप नसतं, मुलंच घाबरली. खाली, त्याच टीममधली साक्षीदार म्हणून, योगिनीची सही घेतलीत. सही कर, नाहीतर तुमच्या कॉलेजला बर्फ बंद. एकोणीस वर्षांची पोर. केली तिने सही.

तेव्हापासून गोलमध्ये योगिनी.

यंदाच्या मार्चमधला शनिवार. दुपारचे चार. बाहेर रस्ता भाजत होता, आत फायनल.

बर्फ गुळगुळीत करणारी गाडी नुकतीच फिरून गेली होती. गोलकीपर आधी आपल्यापुढचा बर्फ स्केटने खरवडून घेतो, पाय घसरू नये म्हणून. योगिनी गोलपाशी पोचली आणि...

बर्फ खरवडलेला होता.

उजवीकडून डावीकडे. विनीता तसंच करायची.

"आधीच येऊन गेलीस होय?" यशने चिडवलं. इथल्या आंग मो किओ भागातला हा पोरगा टीममधला सगळ्यात बडबड्या, प्रत्येक वाक्याला सिंगापुरी "लाह"चं शेपूट लावणारा. "इतकं टेन्शन नको घेऊ लाह."

योगिनीने मास्क खाली ओढला.

सामना चुरशीचा झाला. समोरच्यांनी गोल केला की योगिनीची टीम फेडायची. तीन-तीन. शेवटची दोन मिनिटं.

आणि तिच्या मागून आवाज आला...

टक. टक.

गोलच्या दोन्ही खांबांवर स्टिकचा एकेक ठोका. मागे न बघता आपण कुठे उभे आहोत ते कळावं, म्हणून विनीता असे ठोके द्यायची.

योगिनीची स्टिक बर्फावर टेकलेली होती.

मागे बघायचा तिला धीर झाला नाही. तेवढ्यात समोरून फटका आला. तो अडवायला यश मध्ये आडवा झाला. पक थेट त्याच्या छातीत.

यश उठला नाही.

"किल्ली आणा," योगिनी ओरडली. "या वेळी तरी आणा."

तुम्ही धावत आलात. दोनशे माणसांसमोर कुलूप उघडलंत.

पेटी रिकामी.

अख्खी रिंक गप्प झाली. आणि त्या शांततेत...

टक. टक.

आता मात्र योगिनी वळली.

जाळीच्या आत, बर्फावर, मशीन होतं. झाकण उघडलेलं. दिवा हिरवा.

यश वाचला. सामना तीन-तीनवरच थांबला, कपाचं कोणी नावही काढलं नाही.

योगिनीने सही मागे घेतलीय, लेखी. ती अजून खेळते. पण गोलमध्ये उभी राहते ती जरा पुढे सरकून, मागे एका माणसापुरती जागा ठेवून. का, ते मी विचारलं नाही.

तुम्हाला मात्र विचारतोय. पेटीला कधीच कुलूप नसतं ना? मग त्या दुपारी दोनशे माणसांसमोर तुम्ही काय उघडत होतात?

आणि किल्ली तुमच्याच ड्रॉवरमध्ये होती, तर आतलं मशीन बाहेर काढलं कोणी?

उत्तर द्या.