त्यांच्या नावची जिवाणी

रोज सकाळी सामायिक, म्हणजे नेमाचं ध्यान, झालं की मी पाणी गाळते. गळण्याच्या फडक्यात जे सूक्ष्म जीव राहतात, त्यांना आम्ही जैन लोक ‘जिवाणी’ म्हणतो. ती ज्या पाण्यातली, त्याच पाण्यात हलकेच सोडायची. नाहीतर जीव मरतात, पाप लागतं. घोडेगावात आमच्या घरी विहिरीचं पाणी ओढायला लंकाबाई येई. शिनोलीकडची, तोंडाची फटकळ.

सन १९०९ च्या कार्तिकात माझे यजमान एडनहून परतायचे होते. तिथल्या पेढीवर पाच वर्षं काढलेली. ठरल्या दिवशी तिथं बोट आलीच नाही. यांचं पत्र आलं, ते दीर पन्नालालजींनी वाचून दाखवलं. कंपनीचा कारकून सगळ्यांना धक्क्यावरून हुसकावत होता, तेव्हा यांनी त्यालाच तिकिटामागचा मजकूर वाचायला लावला: उशीर झाला तर बोट येईपर्यंत छप्पर, शिधा, पाणी कंपनीनं द्यायचं. ‘हे हक्काचं आहे, उपकार नव्हे,’ असं लिहिलं होतं. सासूबाई पदराआड हसल्या. खाली माझ्यासाठी दोन ओळी होत्या. इथलं पिंपातलं पाणी कुठलं कोण जाणे, जिवाणी समुद्रात टाकावी लागते, मन खातं. माझ्या नावची तिकडं सोडत जा.

मी विहिरीत सोडू लागले. आपल्याच गाळल्या पाण्याचा तांब्या, यांना मनात आणून. ज्या पाण्यातली त्याच पाण्यात, हा नियम मी जन्मभर पाळला होता, आणि तिकडच्या पाण्यातली इकडं सोडून तोच मोडत होते.

चौथ्या दिवशी गळणं वाळून कडक झालं, पांढरं पडलं. जिभेला लावलं तर खारट. लंकाबाईनं ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं.

“ग्वाड हाय की, बाई. मालकाच्या वाटंला डोळं लावून तुमीच रडताय फडक्यात.”

आठवड्यानं तिची चेष्टा आटली. सकाळी दोर दोन हात कमी लागायचा, दुपारी दोन हात जास्त. पाऊस नव्हता, उपसा नव्हता. ही हीर स्वास घेती, म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

मग दुसरं पत्र. वेगळीच एक बोट लागली आहे, तिच्यावर नाव नाही, पंधरवड्यानं सुटेल. कारकून म्हणतो, चढा, नाहीतर शिधा बंद. आपल्या बोटीची वाट पाहायचा हक्क आहे, बाकीचे थांबणार आहेत. पण घर फार आठवतं. तू म्हणशील तसं. तार कर.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पाच वर्षं झाली होती. मी ‘या’ म्हटलं. पन्नालालजींनी जुन्नरला जाऊन तार केली.

मार्गशीर्षात हे आले. भर दुपारी, पायी, गाठोडं घेऊन. विहिरीचं पाणी त्या दिवसापासून ठरल्या जागी राहिलं. सासूबाईंनी ओवाळलं.

हे ओसरीच्या आत आले नाहीत.

गाठोडं सोडलं नाही.

रोज सकाळी हात पुढं करून कोरडा शिधा मागतात. नम्रपणे. बोट येईपर्यंत द्यावाच लागतो, म्हणतात.

तुम्ही घरी पोचलात, असं मी एकदा सांगितलं. त्यांनी मला ओळखलं. हसलेही.

आज मी सामायिक करून उठले, तर हे पायरीवर उभे. पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगराकडं पाहत.

“बोट दिसली,” म्हणाले. “तुझं आवर.”