पासपोर्ट ह्यांच्याकडे

ने की काटा, यश. बॅगेचं वजन करायला मी काटा दिला नाही, असं कधी झालंय? देवयानी, तूही टेक जरा, काकू चहा टाकतेय. उद्या संध्याकाळची फ्लाइट आहे ना तुमची? मग घाई कसली? थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली की आपल्या या नोव्हाय गावातली निम्मी मराठी मंडळी युरोपला सुटतात. लग्नानंतरची पहिली ट्रिप तुमची, मजा करा. बुडापेस्ट ना? हं...

तो कमरेला पाऊच कसला रे? बघू. दोघांचे पासपोर्ट त्यातच? "एकाकडे असले की सेफ असतात काका"? वा, शाबास! देवयानी, तुझा फोन तिकडे चालणार आहे का? नाही? "त्याच्याकडे रोमिंग आहे, दोन-दोन कशाला?" बरं, हॉटेलचं नाव सांग. नुसतं नाव. पत्ता नको.

हसता काय! डोक्यात तिडीक जाते माझ्या. अहिल्या, चहा जरा थांबव गं. आणि तो टीव्ही बंद कर.

त्र्यंबक माझ्याच डिपार्टमेंटला होता, गाड्यांच्या सीट डिझाइन करायचा. कामात हुशार, घरात हेडमास्तर. बायको मालिनी, मुलगी आसावरी, तेव्हा पाच वर्षांची. मालिनी स्वतः कमावते, तिचा व्हिसा तिच्या नोकरीवर आहे. तरी बाहेर पडलं की हा हात पुढे करणार, "आण इकडे, तू हरवशील." पासपोर्ट, कार्ड, तिकिटं, सगळं ह्याच्या पोटाशी. आणि एक नियम. "चुकलात तर आहात तिथून हलायचं नाही. मी येतो." हे मी ऐकीव सांगत नाहीये. मालिनीने याच सोफ्यावर बसून सांगितलंय.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारची रात्र. बुडापेस्टमध्ये दिवसभर किल्ला, पूल, नदी करून तिघं मेट्रोने हॉटेलवर निघाली. तिकडची मेट्रो खोल. सरकता जिना उतरतोय, उतरतोय, संपतच नाही. आसावरी मालिनीच्या खांद्यावर झोपलेली. गाडी आली. त्र्यंबक नेहमीसारखा पुढे घुसला. मागे बघायची पद्धतच नाही ना! मालिनी पोर सावरत दारापर्यंत पोचली, आणि दार बंद.

काचेतून तो हाताने सांगत होता, थांब, थांब. गाडी गेली.

आता बघा तिची अवस्था. फोन तिकडे चालत नव्हता. खिशात एक पैसा नाही. हॉटेल कुठलं, माहीत नाही, कारण बुकिंग साहेबांनी केलेलं. पासपोर्ट नाही. कुणी विचारलं तू कोण, तर दाखवायला स्वतःचं नावसुद्धा जवळ नाही! शिकलेली, चार माणसांना हाताखाली घेऊन काम करणारी बाई, आणि तिला एकच गोष्ट करायची होती. पोरीला सुखरूप घरी न्यायचं होतं. कुणामुळे आली ही वेळ? चोरामुळे? चोर तर अजून आलाही नव्हता!

ती थांबली. हलायचं नाही म्हणून थांबली. पुढची गाडी आली. त्र्यंबक नाही. माणसं उतरली, जिन्याने वर गेली. मग गाडीच येईना. दिवे निम्मे झाले.

फलाटाच्या टोकाला बाकावर एक बाई बसली होती. मोरपंखी साडी, वर पुरुषी स्वेटर, पायात स्पोर्ट्‌स शूज, कानाला रुमाल. टूरवर आलेली आपली कुठलीही मावशी आठवा. ती मराठीत म्हणाली, "ये गं. बस. पोर जड झाली असेल."

मालिनीला रडूच फुटलं. एवढ्या लांब, जमिनीखाली, आपलं माणूस!

"तुम्हीही चुकलात का मावशी?"

"ह्यांनी सांगितलंय, हलू नकोस."

"कधीपासून बसलाय?"

बाई बोगद्याकडे बघत राहिली.

मालिनी बाकाशी गेली. गार वारा आला. पाय जड झाले. बसावं... नुसतं बसावं. आता येतीलच ते...

"तुझा पासपोर्ट कुठाय?"

"ह्यांच्याकडे."

...

"माझाही ह्यांच्याकडेच."

आणि मग ती बाई चिडली. मालिनी सांगायची, काका, असा राग मी माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नाही. ती उठली नाही. फक्त मान वर केली. आसावरीकडे बघितलं. मालिनीच्या जॅकेटची कड मुठीत धरली. मूठ बर्फ. जॅकेटमधून हाडाला लागली.

"मी बसले."

...

"तू बसू नकोस. ऊठ! वर जा. माणसांत जा."

दिवे गेले.

मालिनी पळाली. जिना बंद. पोरीला घेऊन चढली. एका हाताने कठडा धरला. चढली. मागून आवाज नाही. काहीच नाही. ते जास्त वाईट होतं...

वर एक माणूस शटर ओढत होता. तिला बघून दचकला. खाली सगळं बघून आलो, म्हणाला, कुणीही नव्हतं.

त्याने पोलिसांना फोन लावला. ते तिला चौकीत घेऊन गेले, तर तिथे त्र्यंबक होताच, पांढराफटक. पुढच्या स्टेशनवर उतरून, बायको हरवली म्हणून ओरडत धावला होता. उतरणाऱ्यांच्या गर्दीत कुणीतरी पट्टा कापून पाऊच नेला. तिघांचे पासपोर्ट त्यात. सकाळी मालिनीच्या डोळ्यांदेखत त्यानेच ठेवलेले.

खुर्चीत बसताना मालिनीच्या छातीला काहीतरी टोचलं. जॅकेट उघडलं. आतल्या अस्तराला दोन पासपोर्ट. तिचा आणि आसावरीचा. कव्हरला सेफ्टी पिन लावून अडकवलेले. पिन गंजलेली. तिच्यात मोरपंखी धागा.

आसावरी डोळे चोळत म्हणाली, "दॅट आजी डिड इट. शी वॉज सो मॅड, आई."

मालिनी पोरीला घेऊन घरी आली. त्र्यंबक तिकडेच. आधी वकिलातीत नवा पासपोर्ट, मग इकडे परतायला व्हिसाचं स्टॅम्पिंग. आठवडेच्या आठवडे हॉटेलच्या खोलीत, न हलता. बरं झालं! मला जराही दया आली नाही. मालिनी वाचली ती कुणाची तरी बायको होती म्हणून नाही, यश. ती बाई कुणाची तरी बायको म्हणूनच तिथे बसलीय, कोण जाणे कधीपासून. तिला न्यायला कुणी आलंच नाही रे.

आता हसू येत नाही ना? काढ तो पाऊच. उघड. देवयानीचा पासपोर्ट देवयानीच्या हातात दे. माझ्यासमोर.

...

काय झालं? ओढतोस काय असा? कशाला अडकलाय?

बघू.

...

देवयानी, ही गंजकी पिन तू लावलीस?

...

यश?

...

अहिल्या, मोठा दिवा लाव गं. हा धागा बघ जरा, मोरपंखीच ना?