निकानोरच्या नावानं

मला इअरफोन नको होते, हे आधीच सांगून ठेवतो. ब्राइलाच्या बंदरावर जन्मभर क्रेन चालवली, तरी कान शाबूत आहेत. मला फक्त दुपारच्या जेवणानंतर रेडिओवर डॅन्यूब नदीच्या पाण्याची पातळी ऐकायची असते. एकेका बंदराचं नाव, पाणी किती चढलं, किती उतरलं. बस्स. आणि नेमकं त्याच वेळी भिंतीपलीकडचा निकानोर अकॉर्डियनची लग्नातली गाणी दणक्यात सोडायचा. जिन्यात भेटला की वर विचारायचा, "काय इलारिए, पाणी चढलं? पोहायला निघालास की काय?"

मी झाडूच्या दांड्यानं भिंत ठोकायचो. दोन पटापट, एक जरा थांबून. तो आवाज आणखी वाढवायचा.

ईस्टरच्या आधी तो मेला. लाकडी शवपेटीत घालून त्याला पुरलं. वाटलं, सुटलो.

तर त्याची बायको वेतुरिया दारात हजर. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं जिवंताला वस्तू देतात. आपण इथं वापरली की ती तिकडे त्याला मिळते.

"टॉवेल द्या, कप द्या," मी म्हटलं.

"इअरफोन देणार आहे. त्याला इअरफोन घेऊन द्या म्हणून जन्मभर कोण कोकलत होतं? चला, कान तुमचे, माप तुमचंच लागणार."

दुकानात तिनं विक्रेत्याला घाम फोडला. बिनतारी दाखवले तर म्हणाली, "हे नकोत. तिकडे चार्ज कुठं करणार तो?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिनं तार ओढून पाहिली, धातूची बोंडं दातांखाली धरून पाहिली, रबरी टोप्या काढून उलट्या केल्या.

"या साबणानं धुता येतात ना? त्याच्या कानात मळ फार."

"येतात बाई. आतली जाळी ब्रशनं झाडायची. दोन वर्षांची वॉरंटी आहे."

"दोन वर्षांत काय होतंय? तो कायमचा गेलाय."

दानाच्या दिवशी मेणबत्ती पेटवून, गव्हाच्या गोड कोलिवाच्या वाटीसकट तिनं ते माझ्या हातात ठेवले. सगळे शेजारी बघत होते. "देव त्याला क्षमा करो," मी पुटपुटलो. एवढं म्हटलं की दान घेतलं. मग ते परत करता येत नाही.

वस्तू चांगली होती, खोटं कशाला बोलू. बंदरांची नावं कशी स्वच्छ यायची. पण काही दिवसांनी डाव्या बोंडाची टोपी पिवळ्या, चिकट मळानं भरलेली दिसली. माझे कान कोरडे. डॉक्टरसुद्धा तसंच म्हणतो. कोमट पाण्यात साबण घालून टोपी धुतली, खिडकीत वाळवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उजवी मात्र कोरी करकरीत. ब्रशनं डावी जाळी झाडली तेव्हा मळाबरोबर माती निघाली. ओली, बारीक.

निकानोरचा उजवा कान लहानपणीच गेला होता.

मी इअरफोन ड्रॉवरमध्ये टाकले आणि रेडिओ उघडा लावला. कुणाला काही बोललो नाही.

दोन-तीन दिवसांत वेतुरिया आली. चेहरा लालबुंद.

"भावजी, घालत का नाही तुम्ही?"

"कोण म्हणतं?"

"तो म्हणतो. स्वप्नात आला होता. म्हणाला, त्या म्हाताऱ्यानं ड्रॉवरमध्ये कोंबलंय, मला काही ऐकू येत नाही. लाज नाही वाटत? सगळ्यांदेखत दान घेतलंत."

दार आपटून गेली. ड्रॉवरचं तिला कसं कळलं, हे विचारायचं राहूनच गेलं. जिवंतपणी माझ्या दुपारी नासवल्या, आता मेल्यावरही यानंच ठरवायचं मी काय करू ते?

ठीक आहे. ऐकायचंय ना? ऐक.

त्याच दुपारी इअरफोन कानांत खुपसले आणि पाण्याची पातळी लावली. आवाज शेवटपर्यंत चढवला. कानशिलं ठणकायला लागली. "घे," मी म्हणालो, "चढलं बघ पाणी."

निवेदिका तिसऱ्या बंदरावर आली होती.

ठक ठक. ठक.

वेतुरिया असणार. मी बोंडं काढली. भिंत गप्प होती. अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होतं, तेवढंच.

पुन्हा घातली.

ठक ठक. ठक. फक्त डाव्या कानात.

मी आवाज थोडा कमी केला. ठोके चालूच. आणखी कमी केला. निवेदिका कुजबुजायला लागली तेव्हा ते थांबले.

तेव्हापासून रोज तेवढ्याच आवाजात ऐकतो. निम्मी बंदरं कळत नाहीत.

माझ्या झाडूचा दांडा त्या भिंतीवर कसा वाजायचा, ते मला चांगलं ठाऊक आहे. भिंत काँक्रीटची आहे. हे ठोके लाकडावरचे होते, आणि आतल्या बाजूनं.