मुंबईत बघायचं काय?

रोह्याची गाडी लागायला उशीर होता. पेणच्या स्टँडवर माझ्या अडीच वर्षांच्या नथानियलनं पायातला बूट भिरकावला, तो थेट समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवर. त्याच्या कुशीत तीनेक वर्षांची मुलगी झोपली होती. त्यानं बूट उलटसुलट करून पाहिला.

"माझ्या मापाचा नाय हा."

मला हसू आलं... पण पूर्ण हसण्याइतकीही ताकद नव्हती. दुसऱ्या हाताला नथूची जुळी बहीण सिपोरा लोंबकळत होती. नवरा, आरोन, वारल्याला दीड वर्ष झालं होतं.

मांडीवर बूट पडलेल्या त्या माणसाचं नाव जोसेफ. रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. कुशीतली मुलगी नाओमी; तिच्या जन्माच्या वेळीच त्याची बायको गेली होती. दर रविवारी तो मुलीला तिच्या आजीला भेटवायला पेणला आणायचा, आणि मी शिकवते त्या शाळेला सुट्टी म्हणून मी आईकडे रोह्याला जायची. मग दर रविवारी तीच गाडी... आणि हळूहळू तेच शेजारचं बाकडं.

"दिवाळीनंतर मुंबईला जायचंय," एकदा मी म्हटलं. "दिरानं इस्रायलहून कागद पाठवलेत, आम्हाला कायमचं तिकडे नेण्याचे. कचेरीत जाऊन सही करायची. त्याआधी एक दिवस हाताशी आहे. देश सोडायच्या आधी मुलांना एखादं म्युझियम तरी दाखवावं."



"मीही रजा टाकतो," तो म्हणाला. "नाओमीनं तरी कुठं पाहिलीय मुंबई?"

मग पुढचे चार रविवार तेच.

"फोर्टातलं म्युझियम. पक्षी हायत, वाघ हाय—"

"पेंढा भरलेला वाघ? रात्रभर रडतील. निजवायला तुम्ही येणार?"

"बोलवाल तर येईन की," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मी घाईनं सिपोराचं नाक पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"वरळीचं सायन्स सेंटर?"

"तिथं बटणं असतात. नथू ती उपटून घरी आणेल."

शेवटी फोर्टच ठरलं.

जाताना पनवेलच्या अलीकडे सिपोरा ओकली, माझ्या साडीवर. म्युझियमात आम्ही जेमतेम वीस मिनिटं होतो. वाघाकडे कुणी बघितलंच नाही. तिघांना कोपऱ्यातली वाळूची लाल बादली आवडली, आणि तिच्यापासून ओढून काढल्यावर तिघांनी मिळून गळा काढला. बाहेर झाडाखाली येऊन बसलो.

"डेबोराबाई," जोसेफ खाली बघत म्हणाला, "उद्या सही करणार तुम्ही?"

"हो."

"नका करू म्हणायचा मला हक्क नाय... पण म्हणतो. नका करू. मला तुम्ही लागता—तुमच्या ह्या दोघा पोरांसकट."

किती दिवसांनी कुणी मला असं काही बोलत होतं! आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र थकव्याचं.

"जोसेफ, मी फार दमलेय. प्रेमाबिमाला लागतं ते बळच उरलेलं नाही माझ्यात."

तो हसला नाही, रुसलाही नाही. माझी पिशवी त्यानं उशीसारखी झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

"मग प्रेमबिम राहू द्या. जरा डोळा लावा. तिघांकडे मी बघतो."

मी खरंच झोपले. भर दुपारी, परक्या शहरात, उघड्यावर.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. नथू त्याच्या पाठीवर पेंगत होता, सिपोरा मांडीवर आडवी, नाओमी त्याच्या दंडाला टेकलेली. दंडाला मुंग्या आल्या असणार, पण तो हलला नव्हता. माझ्या अंगावर त्याचा स्वेटर होता.

मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. मग उठून नाओमीला माझ्या कुशीत घेतलं. तिनं डोळे न उघडताच माझा पदर मुठीत धरला.

"जोसेफ," मी म्हटलं, "उद्या कचेरीत जायचं नाही. दिराला पत्र टाकायला हवं. काय लिहू रे, सांग ना?"

त्या 'रे'नं तो दचकला. मग बधिर झालेला हात चोळत, अगदी हळू म्हणाला,

"लिही... मुलं आता तीन झालीत."