एका तासाला दोन शिक्षक

नववी ‘ब’च्या वर्गात मृणालीनं उच्चारलेला पहिला शब्द इंग्रजी नव्हताच. ‘गुड मॉर्निंग, माय डिअर स्टुडंट्स’ हे वाक्य तिनं आठ दिवस आरशासमोर घोटलं होतं. पण दारात पाऊल टाकलं आणि तोंडातून निघालं, “अगं बाई!”

फळ्यापाशी एक तरुण उभा होता. हातात खडू, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. फळ्यावर सुबक अक्षरात तारीख आणि खाली ‘विषय – इंग्रजी’.

“सॉरी… पण हा माझा तास आहे,” ती म्हणाली.

“माझाही,” तो म्हणाला आणि त्यानं खिशातून नेमणुकीचा कागद काढला.

तिनंही पर्समधून आपला काढला. तीच संस्था, हरिहरेश्वरच्या अलीकडची तीच शाळा, खाली तीच सही. नावं तेवढी वेगळी – मृणाली ठाकूर आणि संघर्ष तांबे. दोघांचे चेहरे सारखेच पांढरे पडले. वर्ग मात्र खूश होता.

“मॅडम, दोघं पन ऱ्हावा ना!” पहिल्या बाकावरची दिशा म्हणाली.

मुख्याध्यापिका जयमालाबाईंनी दोन्ही कागद चष्म्याजवळ धरून पाहिले. “जागा एकच आहे,” त्या म्हणाल्या. “ऑफिसनं घोळ घातलाय. निकाल लागेपर्यंत दोघं मिळून शिकवा. एकानं व्याकरण, एकानं कविता. आणि मुलांसमोर भांडायचं नाही.”

भांडण सोडाच, मृणालीला त्याच्याकडे बघवेना. तिचे वडील रेवसचे. आजोबांची मिठागरं गेली तेव्हा वडिलांनी ट्रक घेतला आणि मुलीला बी.एड. केलं. चार वर्षं खेटे घातल्यावर हा कागद आला होता. संघर्ष तर याच पंचक्रोशीतला. त्याची आई अंगणवाडीत मदतनीस. मुलाची नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा तिनं सगळ्या वाडीला पेढे वाटले होते. हे त्यानं नाही, शिपाई काळूरामनं सांगितलं. ते ऐकून मृणालीनं उघडलेला डबा तसाच बंद केला.

पण रोज एकाच फळ्यापुढे उभं राहायचं, तर राग किती दिवस पुरणार? तो व्याकरण शिकवायचा ते गावच्या होड्या, जाळी, बाजार घेऊन. ती कविता म्हणायला लागली, की तो खिडकीला टेकून ऐकायचा. बाहेर पाऊस… वर्गात तिचा आवाज… आणि त्याचं ते स्थिर बघणं. ती एखादी ओळ विसरायची, मग विसरली म्हणून लाजायची.

“मॅडम, तुम्ही ओळ विसरता तेव्हा जास्त छान शिकवता,” एकदा तो व्हरांड्यात म्हणाला.

“आणि तुम्ही गप्प बसता तेव्हा!”

“मग उद्यापासून दोन्ही करू या.”

दुसऱ्या आठवड्यात तिनं वर्गात एक डबा ठेवला. मनात येईल तो प्रश्न इंग्रजीत लिहायचा, चुकला तरी चालेल, नाव लिहायचं नाही. बुधवारी संघर्षनं डबा उघडला. एक चिठ्ठी वाचली आणि जराही न हसता फळ्यावर उतरवली – ‘व्हाय सर इज लुकिंग मॅडम?’

मृणालीच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

“दोन चुका आहेत,” तो शांतपणे म्हणाला. “प्रश्न असेल तर ‘इज’ आधी येतं – व्हाय इज सर लुकिंग. आणि पुढे ‘ॲट’ राहिलंय. ‘लुकिंग ॲट मॅडम.’ आता वाक्य बरोबर आहे.”

“आणि उत्तर, सर?” मागून कुणीतरी ओरडलं.

घंटा झाली. तो कानापर्यंत लाल झाला होता.

गुरुवारी मृणालीला संस्थेच्या ऑफिसातून फोन आला. “मॅडम, तुमच्या कागदावर शाळेचं नाव चुकून पडलं. तुमची जागा माणगावच्या शाळेत आहे. सोमवारी तिथं हजर व्हा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावतील. तुमच्या हेडबाईंना पत्र येईलच.”

म्हणजे तिची नोकरी पक्की होती आणि त्याचीही! तिनं धावत जाऊन सांगायला हवं होतं. स्टाफरूमच्या दारापर्यंत ती गेलीसुद्धा. आत तो मुलांच्या वह्या तपासत होता. त्यानं मान वर करून विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. आणि स्वतःच्या तोंडातून हे कसं निघालं, याचाच तिला धक्का बसला. शुक्रवारीही ती बोलली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. ती आली तेव्हा जयमालाबाई टेबलाशी सुन्न बसल्या होत्या. “तांबे सरांनी राजीनामा दिला. म्हणतात, जागा मॅडमना द्या. आत्ताच समुद्राकडे गेले.”

छत्री उलटी होतेय याचं भान न ठेवता मृणाली धावत सुटली. समुद्राकडच्या रस्त्यावर तो कठड्यापाशी उभा होता.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” ती ओरडली. “जागा तुमचीच आहे! माझी माणगावला आहे. मला… मला गुरुवारीच कळलं होतं.”

तो बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “मी आईला सांगून आलोय, नोकरी सोडली म्हणून. तिनं नुसतं स्वतःचं ताट झाकून ठेवलं.”

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. “चुकलं माझं. फार चुकलं.”

“का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं… तर बाईंनी शुक्रवारीच मला मोकळं केलं असतं. आणखी दोन तास तुमच्या शेजारी उभं राहायचं होतं मला.”

खाली लाट फुटली. मग तो म्हणाला, “आणि मला तू हवी होतीस… इथं. मी नसलो तरी.”

तो ‘तू’ दोघांनीही ऐकला. मग त्याचा चेहरा उतरला. “पण तांबे कोण, हे तुझ्या घरी विचारतील. आमची वाडी कुठली, आम्ही कोण…”

“विचारतील,” ती म्हणाली. “उत्तर मी देईन.”

दोघं भिजून शाळेत परतली तेव्हा बाईंनी राजीनामा त्याच्यापुढे टाकला. “पाठवलेला नाही. इंग्रजीच्या शिक्षकाच्या चार ओळींत तीन स्पेलिंग चुकलेली! म्हटलं, माणूस शुद्धीवर नाही. आधी आईला जाऊन सांगा.”

रविवारी मृणाली माणगावच्या एसटीत बसली. गाडी सुटता सुटता संघर्ष चढला आणि शेजारी येऊन बसला.

“तुम्ही कुठे?”

“माणगावला. परतीची गाडी तीनला आहे.”

म्हसळ्याच्या पुढे, वळणावळणांवर, त्यानं तिचा हात हातात घेतला. माणगाव आलं तेव्हा कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली.

स्टँडवर त्यानं दोन चहा आणले. ती फोन कानाला लावून उभी होती.

“बाबा, पोचले. हो, नोकरी पक्की.” तिनं संघर्षकडे पाहिलं. “अजून एक सांगायचंय. इथं माझ्यासोबत एकजण आहे…”

संघर्षनं दोन्ही चहा बाकावर ठेवले. “आत्ता? इथं?” तो कुजबुजला.

पलीकडून बाबा म्हणाले, “कोन हाय गो? नाव सांग.”

मृणालीनं त्याचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.