तपासणीच्या तारखा

पहिल्यांदा तो मला सरकारी ऑफिसच्या जिन्यात धडकला. हातात सीलबंद पाकीट, अन् चेहरा असा, की पेपर फुटलाय आणि ह्यालाच सापडलाय.

"सॉरी... लागलं का?"

"मला नाही. बाबांना विचार, मागून येताहेत."

त्याने बाबांची रिकामी उजवी बाही पाहिली आणि पाकीट पाठीमागे लपवलं.

पाकिटात कोड होता. सांवेर रोडच्या कारखान्यात ज्या प्रेस मशीनने बाबांचा हात नेला, तिचं सॉफ्टवेअर त्याच्या, म्हणजे ऋग्वेदच्या, पप्पांच्या कंपनीचं. ते म्हणायचे, समोरची जाळी उघडी असली तर मशीन चालूच होत नाही, चूक बाबांचीच. म्हणून तपासणीवाल्यांनी सोर्स कोड मागवलेला.

मला त्याचा राग यायला हवा होता ना? यायचा पण. फक्त तारीख आली, की मी वेणी दोनदा घालायचे.

आत मोठी माणसं, बाहेर बाकावर आम्ही. मधे एका माणसाची जागा... मग अर्ध्या माणसाची.

"बारावीत आहेस, अन् बोलतेस वकिलासारखी."

"अन् तू आरोपीसारखा बसतोस, भिया." आमच्याकडे कुणालाही भियाच म्हणतात.

तो हसला नाही.

"यामिनी... आम्ही दिलेला कोड नंतरचा आहे. जाळी उघडी असली तर मशीन थांबवणाऱ्या ओळी अपघातानंतर घातल्या. मीच टाइप केल्या. मला वाटलं, पप्पा मशीन सुधारताहेत."

"आणि जुना कोड?"

"माझ्या लॅपटॉपमध्ये."

"मग आत जाऊन सांग ना."

"आत पप्पा आहेत."

"माझे बाबा पण."

त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग लॅपटॉप उचलून आत गेला. दार उघडंच राहिलं. तपासणीच्या अमिता मॅडमसमोर तो अडखळत सगळं बोलला. त्याचे पप्पा एवढंच म्हणाले, "घरी चल."

"नाही, पप्पा. आधी हे बघू द्या."

बाहेर आला तेव्हा ओठ पांढरे. "तुझ्यासाठी नाही केलं हं."

"माहितीये."

"थोडं केलं," तो म्हणाला. "आवडतेस तू मला... पण आता माझ्याशी बोलू नकोस. पप्पांना कुणीच उरलं नाहीये."

पुढच्या तारखेला त्याचे पप्पा त्याच्याकडे बघतही नव्हते. तरी त्यांची फाईल धरून तो त्यांच्या मागे उभा होता, सगळा वेळ.

त्या दिवशी तो मला सगळ्यात जास्त आवडला. मी हाक मारली नाही.